सायलेन्सर चोराच्या हातात असेपर्यंत

ताई, नमस्कार.

पुणे जिल्ह्यात एमआयडीसीलगतच्या गावात राहतो. माझी २०१९ ची मारुती इको व्हॅन आहे, शाळेच्या पोरांची ने-आण करतो. गाडी घरासमोरच्या मोकळ्या जागेत लावतो. दिवाळीच्या आधी एका रात्रीत सायलेन्सर गेला. सकाळी गाडी चालू केली तर सगळी आळी जागी झाली. पोलीस ठाण्यात एनसी लिहून हातात दिली. नवा सायलेन्सर टाकायला पन्नास हजारांच्या वर गेले, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

गेल्या आठवड्यात रात्री अडीचला परत खुडबुड ऐकू आली. टॉमी, म्हणजे गाडीतला लोखंडी दांडा, घेऊन बाहेर आलो. दोघं गाडीखाली, तिसरा दुचाकीवर. ओरडलो तशी दोघं उठून पळाले. पळताना दगड मारले, एक माझ्या खांद्याला लागला. मीही टॉमी फेकून मारली. एकाच्या पायाला लागली असावी, लंगडत गाडीवर बसला. सायलेन्सर वाचला, दोन नट काढलेले होते.

आता आळीतली पोरं म्हणतात, पुढच्या वेळी हातपाय मोडूनच पोलिसांत देऊ. मेव्हणा वायरमन आहे. तो म्हणतो, गाडीभोवती तार टाकून करंट सोडतो. मला भीती अशी की टॉमी लागली म्हणून उलट माझ्यावरच केस होईल का? आपल्या दारात, आपल्या वस्तूसाठी, चोराला किती मारता येतं? माझ्या मित्राच्या इकोचाही सायलेन्सर गेलाय, त्याला एक मेकॅनिक आठ हजारांत 'सेकंड' देतोय. घ्यावा का? आणि सध्या मी रात्री गाडीतच झोपतो. बायको रागावते.

— एक व्हॅनचालक

भाऊ,

प्रश्न बरेच आहेत, पण सगळ्यात घाईचा मेव्हण्याचा. म्हणून तो आधी घेते. करंट सोडू नका. तार टाकून झाली असेल तर हे वाचायचं थांबवा, आधी ती काढा आणि मग पुढं वाचा.

१९६३ साली सर्वोच्च न्यायालयात बिहारमधलं एक प्रकरण आलं होतं. शेजारच्या घराच्या संडासाची भिंत पडली, म्हणून तिथल्या बायका एका माणसाच्या संडासात जाऊ लागल्या. त्यानं नको म्हणून सांगितलं. ऐकेनात, तेव्हा त्यानं वाटेवर उघडी तांब्याची तार लावली आणि तिच्यात घरातली वीज सोडली. धोक्याची पाटी लावली नव्हती. एक बाई गेली. तो कोर्टात म्हणाला, माझ्या जागेत ती विनापरवानगी आली होती, मी माझ्या मालमत्तेचं रक्षण करत होतो. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. आगंतुक म्हणजे काही कायद्याबाहेर टाकलेला माणूस नव्हे, त्याच्यासाठी जीवघेणा सापळा लावता येत नाही, असं ठरलं आणि शिक्षा कायम झाली. आज अशाच प्रकाराला भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होते. आणि पोलीस एवढ्यावर थांबतीलच असं नाही. विदर्भात रानडुकरांसाठी शेताच्या कडेनं सोडलेल्या करंटनं माणूस गेला की शेतमालकावर थेट सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. ही प्रकरणं तुमच्या मेव्हण्यानंही वाचली असतील.

तुमच्या बाबतीत तर आणखी वाईट. गाडी मोकळ्या जागेत उभी असते आणि सकाळी सहाला पोरं दप्तरं घेऊन तिच्याभोवती गोळा होतात. एखाद्या दिवशी स्विच बंद करायचा राहिला की काय होईल, ते मी लिहीत बसत नाही. तार चोर ओळखत नाही आणि कुठं थांबायचं हेही तिला कळत नाही. कायद्यानं दिलेल्या बचावाच्या हक्काला मात्र 'कुठं थांबायचं' हीच मुख्य अट आहे. वायरमन माणसाला हे जास्त कळायला हवं, असं मेव्हण्याला माझ्या नावानं सांगा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते.

१ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ठाण्यात अजूनही लोक सवयीनं चोरीला '३७९' म्हणतात. आता ते ३०३ आहे. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झाली आहेत. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. आणि तो गाभा तुमच्या बाजूचा आहे. कलम ३५ स्पष्ट सांगतं की चोरी, जबरी चोरी, आगळीक (मुद्दाम केलेलं नुकसान) किंवा आगंतुकी (गुन्ह्याच्या हेतूनं दुसऱ्याच्या जागेत शिरणं) चालू असेल, तर स्वतःची किंवा दुसऱ्याचीही मालमत्ता वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे शेजाऱ्याची गाडी चोर उघडत असेल तर तुम्ही मध्ये पडू शकता. कलम ४२ त्याच्या पुढं जातं. साध्या चोरीतसुद्धा, गरज पडली तर, मृत्यू सोडून दुसरी कुठलीही इजा या हक्कात बसते. ओढाताणीत चोराचं मनगट मोडलं तरी तेवढ्यानं तुम्ही गुन्हेगार ठरत नाही.

मग अडतं कुठं? दोन ठिकाणी.

पहिली अट कलम ३७ मधली: जेवढी गरज तेवढंच. पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हक्क मिळतच नाही, आणि वेळ नसेल तेव्हाही वाचवायला लागतं त्याहून जास्त इजा करायची नाही. रात्री अडीचला गाडीखाली दोघं दिसल्यावर पोलिसांची वाट बघत उभं राहणं शक्य नसतं, हे कोर्टालाही कळतं. सर्वोच्च न्यायालयानं याबाबत पुन्हा पुन्हा माणसाची बाजू समजून घेतली आहे. २०१० च्या दर्शनसिंग खटल्यात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. संकटात सापडलेल्या माणसानं मोजूनमापून वार करावा अशी अपेक्षा ठेवू नये, त्याला वाटलेली भीती वाजवी होती का एवढं बघावं, असा त्यांचा सूर आहे.

दुसरी अट काळाची आहे, आणि बहुतेकांचा पाय तिथंच घसरतो. कलम ४३ म्हणतं की चोरीविरुद्धचा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत टिकतो. म्हणून तुम्ही बाहेर आलात की आधी सायलेन्सर कुठं आहे ते बघायचं. तो गाडीला लागलेला आणि चोर पान्हा घेऊन खाली असेल, तर हक्क चालू आहे. चोर तो उचलून पळत असेल तर पाठलाग करा, पकडा, हिसकावून घ्या, तेव्हाही हक्क चालू आहे. त्यानं तो टाकला आणि रिकाम्या हातानं धूम ठोकली, की मालमत्तेपुरता तुमचा हक्क तिथं संपला. तुमचा माल तुम्हाला मिळाला. पुढं जे कराल तो राग झाला, आणि रागासाठी संहितेत वेगळं प्रकरण नाही.

पंजाबातल्या जयदेव खटल्यात १९६२ साली हाच मुद्दा होता. शेताच्या ताब्यावरून तंटा झाला होता. समोरचे लोक पळत सुटले, तरी आरोपींनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. धोका होता तोवर हक्क होता, लोक पळू लागले तेव्हा तो संपला, असं न्यायालयानं सांगितलं. त्या पळणाऱ्यांनी आधी काय केलं होतं, याला मग अर्थ राहिला नाही.

तुमच्या टॉमीचं काय, ते आता बघू.

सायलेन्सर गाडीला होता, ते रिकाम्या हातानं पळत होते. एवढंच असतं तर टॉमी फेकणं बचावात बसवणं मला जड गेलं असतं. पण त्यांनी दगड मारले आणि एक तुम्हाला लागला. त्याबरोबर प्रश्न सायलेन्सरचा उरला नाही, तुमच्या अंगाचा झाला. शरीराच्या बचावाचा हक्क वेगळा आहे. धोक्याची वाजवी भीती असेपर्यंत तो टिकतो. दगड येत असताना टॉमी गेली असेल तर तुमची बाजू चांगली आहे. दगड थांबले, ते दुचाकीवर बसले आणि मग तुम्ही नेम धरून मारली असेल, तर कच्ची आहे. पत्रावरून मला पहिलं वाटतं. नेमकं काय झालं ते तुम्हालाच ठाऊक, तेव्हा खरं आठवा. विसरायच्या आत कागदावर लिहून ठेवा: कोण कुठं होतं, पहिला दगड कधी आला, टॉमी कुठून फेकली. खांद्यावर वळ असेल तर त्याचा फोटो काढा. सरकारी दवाखान्यात दाखवलं नसेल तर आजच दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा.

हे सगळं कशासाठी? बचावाचा हक्क होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. दिलासा एवढाच की सरकारी पक्षासारखं तुम्हाला ते संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तुमचं म्हणणं संभाव्य वाटलं तरी पुरतं. सायलेन्सर चोरायला आलेला माणूस पाय दुखावला म्हणून स्वतःहून ठाण्यात जाईल, ही शक्यता फार नाही. तरी फिर्याद देताना टॉमीचा उल्लेख गाळू नका. जी गोष्ट तुम्ही पहिल्या दिवशी सांगता तिला बचाव म्हणतात. तीच सहा महिन्यांनी वकिलाच्या तोंडून आली की तिला पश्चातबुद्धी म्हणतात.

दगडांबद्दल आणखी एक बारकावा आहे, आणि तो फिर्यादीत महत्त्वाचा ठरतो. चोरी करताना किंवा चोरलेला माल नेताना, त्यासाठीच कुणाला इजा केली किंवा इजेची धमकी दिली, तर ती चोरी राहत नाही, कलम ३०९ खाली जबरी चोरी होते. तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तिथं तुमचा हक्कही कलम ४१ प्रमाणं थेट प्राण घेण्यापर्यंत वाढतो, अर्थात गरजेपुरताच ही अट कायम ठेवून. पण दगड नुसते निसटण्यासाठी मारले आणि हातात काही नव्हतं, तर ती जबरी चोरी धरली जात नाही. मग तो चोरीचा प्रयत्न आणि वर वेगळी दुखापत. म्हणून दगड मारताना त्यांच्या हातात तुमच्या गाडीचा एखादा भाग होता का, एखादा नट, ब्रॅकेट, काहीही, हे नीट आठवा. आठवत नसेल तर नाही म्हणा.

त्याच कलम ४१ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय यांमधली घरफोडीही आहे. आळीतली पोरं बहुधा त्याच्याच जोरावर बोलत असावीत. 'रात्री घरात शिरलेल्याला मारलं तर चालतं' असं अर्धवट ऐकलेलं असतं. तुमची गाडी घरात नव्हती, मोकळ्या जागेत होती. तिच्याखाली शिरणं म्हणजे घरफोडी होत नाही. सायलेन्सरसाठी जीव घ्यायचा हक्क कायदा देत नाही. वर सांगितलेली जबरी चोरी सोडली तर अपवाद एकच. चोर कोयता काढून तुमच्या अंगावर आला आणि आता आपण मरतो किंवा कायमचे जायबंदी होतो अशी वाजवी भीती वाटली, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही तुम्ही सायलेन्सरसाठी लढत नसता.

पोरांबद्दल मी जरा कडक लिहिणार आहे.

'हातपाय मोडून पोलिसांत देऊ' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसांत देणं कायदेशीर आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणं डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही नागरिक पकडू शकतो. त्याला विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. सहा तासांची ही मुदत नव्या कायद्यात आली. जुन्यात नुसतं विनाविलंब होतं. पकडल्यावर ११२ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. बसवून ठेवा, पाणी द्या, आणि त्याला कुणी हात लावणार नाही हे बघा. पकडलेला माणूस तुमच्या मालाला किंवा जिवाला आता काहीच करत नसतो, त्यामुळं तुमच्याकडं बचावाचा हक्क उरत नाही. त्यानंतर हाड मोडलं तर कायद्याच्या व्याख्येत ती गंभीर दुखापत आहे, आणि लोखंडी टॉमीसारख्या हत्यारानं मोडलं तर कलम ११८ खाली किमान एक वर्षापासून जन्मठेपेपर्यंत जाता येतं. सायलेन्सर चोरणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं, प्रवासी वाहतुकीच्या वाहनातून चोरी म्हणून कलम ३०५ लावलं तर सात. हिशेब पोरांना करू द्या.

पाच किंवा जास्त माणसं एका उद्देशानं जमली की तो बेकायदेशीर जमाव होऊ शकतो, आणि मग एकानं घातलेला घाव सगळ्यांच्या नावावर लागतो. ज्यानं नुसता टॉर्च धरला त्याच्याही. तुमच्या आळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असणारच. त्यावर 'सापडला तर सोडायचा नाही' असं कुणी लिहिलं असेल तर तो संदेश म्हणजे सरकारी वकिलाला घरपोच मिळालेला उद्देशाचा पुरावा आहे.

आणि सापडलेला माणूस चोरच होता, हे रात्री अडीचला कोण ठरवणार? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ती भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचले इथं चोर आल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक गेला. त्या रात्रीही कुणीतरी आपल्या गावाचं रक्षणच करत होतं. तुमच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुटलेली परप्रांतातली पोरं अंधारातून खोलीवर जात असतात. एवढं सांगून थांबते.

गस्त घालायची असेल तर घाला, पण ठाण्याला कळवून, नावं देऊन, ग्रामसुरक्षा दलाच्या रूपात. शिट्टी आणि टॉर्च पुरतात. काठ्या घेऊन फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर लागू असतात, त्यात हत्यारांबरोबर लाठ्याकाठ्याही येतात.

आता तुमच्या हातात असलेल्या त्या एनसीबद्दल. ती तशी सोडून देऊ नका. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर तपास सुरू होत नाही. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरता येते, आणि सायलेन्सर म्हटलं की ठाण्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा मोटरसायकलची नळी येते. त्याला नव्या सायलेन्सरचं जीएसटी बिल दाखवा. पन्नास हजारांच्या वस्तूची चोरी दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, एफआयआर व्हायलाच हवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं ऑनलाइन तक्रारही चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाणं ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना टपालानं लेखी पाठवा, पोच जपा, आणि तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. 'आधी प्राथमिक चौकशी करतो' असं सांगितलं तर तेही कायद्यात आहे, पण वरिष्ठांच्या परवानगीनं आणि चौदा दिवसांत. एफआयआरची प्रत फुकट मिळते. दिवाळीची चोरी आणि गेल्या आठवड्याचा प्रयत्न, दोन्ही वेगळे लिहून द्या.

चोरांना इकोच का हवी असते, हे त्या फिर्यादीत एका ओळीत लिहिलंत तर अंमलदाराला किंमत पटेल. एक्झॉस्टच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत मधाच्या पोळ्यासारखा चिनी मातीचा ठोकळा असतो आणि त्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. इंजिनातला विषारी धूर त्यावरून गेला की बराचसा निरुपद्रवी होतो. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता, आणि त्याच सुमारास देशभर इकोच्या सायलेन्सरच्या चोऱ्यांच्या बातम्या वाढल्या. चोरांच्या भाषेत या ठोकळ्याच्या चुऱ्याला 'माती' म्हणतात. गाडीची उंची अशी की आडवं होऊन खाली शिरता येतं, आणि नळी नट-बोल्टवर असते. काही टोळ्या तर माती काढून रिकामा सायलेन्सर परत बसवतात, मालकाला पीयूसी नापास होईपर्यंत पत्ता लागत नाही.

यातून तुमच्या मित्राच्या आठ हजारांच्या 'सेकंड'चं उत्तर मिळतं. पन्नास हजारांची वस्तू आठ हजारांत मिळते ती दोनच कारणांनी: चोरीची आहे, किंवा आतली माती गेलेली आहे. चोरीची असेल आणि तसं वाटायला जागा असूनही घेतली तर कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार, तीन वर्षांपर्यंत. आठ हजारांचा भाव हीच ती जागा, असं सरकारी वकील म्हणेल. रिकामी असेल तर गाडी पीयूसीत नापास होईल आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड बसू शकतो. मित्रही शाळेची पोरं नेत असेल तर तिसरी गोष्ट सांगा. कापलेल्या किंवा गळक्या नळीचा धूर गाडीच्या खालून केबिनमध्ये येऊ शकतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पक्की दुरुस्ती होईपर्यंत पोरांना त्या गाडीत बसवू नये.

पैसे परत मिळायची वाट विम्यातून जाते. नुसता थर्ड पार्टी असेल तर काही नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर चोरीचं नुकसान त्यात येतं, पण व्यावसायिक वाहनाच्या पॉलिसीत एक कलम असतं की गाडी न जाता नुसत्या अ‍ॅक्सेसरीज गेल्या तर भरपाई नाही. विमा कंपनीचा माणूस तिथं बोट ठेवेल. तुम्ही लेखी कळवा की सायलेन्सर आणि कन्व्हर्टर ही अ‍ॅक्सेसरी नाही, कारखान्यातून आलेला गाडीचा मूळ भाग आहे, त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर चाळीस टक्के घसारा कापतात, शिवाय नो क्लेम बोनस जातो, तेव्हा हातात किती उरतं ते आधी मोजा. दिवाळीचा दावा राहून गेला असेल तरी करून बघा. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा सरसकट नाकारू नये, अशी विमा नियामकाची २०११ पासूनची सूचना आहे. तुम्ही आधीच नवा सायलेन्सर बसवलात, सर्वेक्षकाला जुनी अवस्था दिसणार नाही. म्हणून बिल, मेकॅनिकचं पत्र आणि तेव्हाचा एखादा फोटो किंवा व्हिडिओ शोधा.

करंटवर खर्च होणार होता तो फॅब्रिकेशनवाल्याला द्या. कन्व्हर्टरभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करतात, तो चॅसीला अशा बोल्टनं बसवायचा की साध्या पान्ह्यानं सुटणार नाही. गाडीवर वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची तार काढायला लावा. कन्व्हर्टरच्या पत्र्यावर गाडीचा नंबर खोदून घ्या. भंगारात सापडला तर ओळख पटते, आणि नंबर दिसला की घेणाराही बिचकतो. ज्या बाजूनं खाली शिरता येतं ती बाजू भिंतीला चिकटवून गाडी लावा. हालचालीनं पेटणारा दिवा हजाराच्या आत येतो.

राहिलं गाडीत झोपणं. यात वहिनींची बाजू खरी आहे. झोपेतून उठलेला एकटा माणूस आणि पान्हे घेतलेले तिघं, हा सामना तुम्ही स्वतःहून ठरवून घेताय. ते कधीकधी गाडी जॅकवर घेतात, तेव्हा तुम्ही आत हललात तर खाली असलेल्याच्या अंगावर गाडी येऊ शकते, आणि मग टॉमीपेक्षा कितीतरी मोठं प्रकरण तुमच्या दारात उभं राहील. उकडतं म्हणून एसी लावून इंजिन चालू ठेवलंत आणि त्या दोन ढिल्या नटांतून धूर आत आला, तर चोराची गरजच पडणार नाही. ते नट आज सकाळीच आवळून घ्या, सांध्यातून गळती नाही ना हे मेकॅनिककडून बघून घ्या, आणि रात्री घरात झोपा.